एका सहीत चाळीस लाख?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतले ‘एका सहीत चाळीस लाख गुलाम मुक्त’ हे पान वाचले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १ जानेवारी १८६३ रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंकनने गुलाममुक्तीच्या हुकमावर सही केली तेव्हा नववर्षाच्या पाहुण्यांशी तासन्‌तास हस्तांदोलन करून त्याच्या हाताला कंप सुटला होता, यावर आपल्या लेखकाने अख्खा परिच्छेद खर्ची घातला आहे. माहिती खरी आहे, तक्रार नाही. पण तो हात ज्या कागदावर टेकला त्यात काय लिहिले होते, यासाठी चार ओळीही शिल्लक राहू नयेत?

तो हुकूम सरसेनापतीच्या अधिकारात काढलेला होता आणि संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेतल्या बंडखोर प्रदेशापुरता होता. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलामगिरी असलेली पण बंडात न उतरलेली राज्ये त्यात नव्हती. तिथे चार लाखांहून अधिक गुलाम होते. टेनेसीचे नावच नव्हते, तिथले पावणेतीन लाख आणखी. न्यू ऑर्लिन्स आणि आसपासचा मुलूख नाव घेऊन वगळला होता, कारण तो आधीच उत्तरेच्या ताब्यात आला होता. म्हणजे जिथे सरकारचा शब्द चालत होता तिथे बहुतेक ठिकाणी हुकूम लागू नव्हता आणि जिथे लागू होता तिथे तो पाळायला कुणी बसले नव्हते. फौज पुढे सरकेल तसा तो खरा होत जाणार होता. टेक्सासात गॅल्व्हेस्टनला जनरल ग्रेंजरने तो जाहीर केला १९ जून १८६५ ला, लिंकन जाऊन दोन महिने झाल्यावर. केंटकी आणि डेलावेअरमध्ये तर डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर होईपर्यंत माणसे कायद्याने मालकीची होती. (केंटकीच्या विधिमंडळाने त्या दुरुस्तीला स्वतःची मान्यता दिली १९७६ साली. घाई कशाला!)

आता आपण म्हणाल, या म्हाताऱ्याला एवढे झोंबायचे कारण काय? सांगतो.

माझी नात आठवीत आहे. गेल्या वर्षी ती एका संस्थेच्या सामान्यज्ञान परीक्षेला बसली होती. प्रश्न होता, ‘अमेरिकेतील गुलामगिरी कोणत्या वर्षी संपुष्टात आली?’ पर्यायांत १८६३ होते आणि १८६५ही होते. तिने १८६५वर खूण केली. उत्तरसूचीत १८६३. एका गुणाने तिची बक्षिसाची यादी हुकली. पोरगी रडली वगैरे नाही. रडलो असेन तर मीच, कारण हा विषय तिला मी शिकवला होता आणि त्याआधी शाळेत पोरांच्या कित्येक तुकड्यांना शिकवत आलो होतो. आक्षेपाचे शंभर रुपये भरले, घटनादुरुस्तीच्या मजकुराची झेरॉक्स जोडली, हुकमातून वगळलेल्या राज्यांवर लाल पेनने खुणा केल्या. उत्तर एका ओळीत आले: तज्ज्ञांच्या मते उत्तरसूची योग्य आहे. कोण तज्ज्ञ, ते गुलदस्त्यात. कार्यालयात गेलो, तर खिडकीमागच्या तरुणाने मोठ्या प्रेमाने समजावले, “आजोबा, एवढा कीस काढायचा नसतो. पेपरातसुद्धा हेच येतं ना.”

तेव्हा मी त्याला छातीठोकपणे म्हणालो होतो की आमच्या पेपरात असले काही येत नाही. काल आपण ते छापलेत, तेही आठ कॉलमी मथळ्यात. यंदाच्या उत्तरसूचीला पुरावा म्हणून आता आपलेच कात्रण लागणार.

हुकूम कुचकामी होता असे माझे म्हणणे नाही. लेखाशेजारच्या चौकटीत आपण तोही प्रकार केलाच आहे! ‘एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचवता आले तर मी ते करीन’ हे लिंकनचे वाक्य देऊन खाली ‘लिंकनचा खरा चेहरा’. हे वाक्य ज्या पत्रातले आहे ते ऑगस्ट १८६२ मध्ये लिंकनने न्यूयॉर्क ट्रिब्यूनचा संपादक होरेस ग्रीली याला लिहिले. त्याच्या अखेरीस, सर्वत्र सर्व माणसे स्वतंत्र व्हावीत ही माझी वैयक्तिक इच्छा कायम आहे, असेही लिहिले आहे. आणि ते पत्र लिहिले तेव्हा हुकमाचा मसुदा मंत्रिमंडळापुढे वाचून महिना झाला होता. एकाच पानावर डावीकडे देव आणि उजवीकडे ढोंगी! वाचकाने मधल्या जाहिरातीकडे बघायचे काय?

त्या हुकमातला मोठा भाग आपल्या दोन्ही बाजूंना दिसलाच नाही. काळ्या माणसांना सैन्यात घेण्याची तरतूद सप्टेंबर १८६२ च्या प्राथमिक घोषणेत नव्हती, जानेवारीच्या हुकमात आली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार जण भरती झाले, त्यांतले पुष्कळसे कालपर्यंत कुणाच्या तरी मालकीचे. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, यांना १० आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापून. मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीने हा अपमानाचा पगार घ्यायचाच नाकारला, बिनपगारी लढले, पण सात डॉलरांना हात लावला नाही. १८६४ च्या जूनमध्ये काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, पगार सारखा करावा लागला. सहीची वाट न बघताही माणसे निघालेली होती. मे १८६१ मध्येच व्हर्जिनियातल्या उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट मन्‍रो किल्ल्यावर तिघे गुलाम पळून आले, मागून लोंढा लागला. रॉबर्ट स्मॉल्स या गुलामाने मे १८६२ मध्ये चार्ल्स्टन बंदरातून बंडखोरांचे जहाजच बायकामुलांसह पळवून उत्तरेच्या आरमारापाशी नेले. हे पुरवणीच्या पानभर लेखात एका शब्दानेही नाही. हात कापत होता, ते आहे.

लेखाच्या शेवटी जोतीरावांचे नाव प्रथेप्रमाणे आले आहेच. त्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती लिंकनला नव्हे, अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. श्रेय कुणाला द्यायचे हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी कळले होते.

जाता जाता आणखी एक. पाणीपट्टीवरचे माझे मागचे पत्र आपण छापलेत, आभारी आहे. पण त्यातला ‘नाही’ गळाल्यामुळे मी दरवाढीचा पाठीराखा ठरलो आणि आमच्या कट्ट्यावर आठवडाभर चहाचे पैसे मला भरावे लागले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्राची शेपटी कापता, तिथे माझी काय कथा. पण या खेपेला खुलासा छापणार असाल, तर तो मागच्यासारखा निविदा सूचनांच्या खाली, बारीक टायपात नको. संस्थेच्या खिडकीवर चिकटवायचा आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार (निवृत्त इतिहास शिक्षक), कराड