शंभर घरांची वाकळ परत आली: चीनच्या नागरी व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
नागरी व्यवहार मंत्रालय, बीजिंग

विषय: दत्तक ठरलेल्या मुलांना दिलेला शब्द

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात असते. २०१३ ते २०२० अशी सात वर्षं मी आपल्या हेबेई प्रांतात, शिज्याझ्वांगला काढली. माझे यजमान औषधांचा कच्चा माल खरेदी करणाऱ्या कंपनीत होते, आणि तो माल तिथेच बनतो. तिथल्या माणसांनी मला जीव लावला हे आधी सांगते. थंडीत पाय घसरून पडले तेव्हा शेजारच्या आजींनी महिनाभर रोज दारात गरम पेज आणून ठेवली. मी तुमच्या देशाचं वाईट चिंतणारी बाई नाही, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

परवा दुपारी कुरिअरचा मुलगा एक खोकं घेऊन आला. सही केली आणि मग बघितलं तर माझंच खोकं. मीच बांधलेलं, माझ्याच अक्षरातला पत्ता, चिनी आणि इंग्रजीत. चार महिने फिरून परत. कोपऱ्यावर शिक्का होता, घेणाऱ्याने नाकारले. ती दोन अक्षरं वाचता येण्याइतकी चिनी मला येते, आणि परवा वाटलं, शिकले नसते तर बरं झालं असतं. आत एक वाकळ होती. पुण्याकडे गोधडी म्हणतात, आमच्याकडे वाकळ. हातशिलाईची, धावदोऱ्याची, पाच फूट बाय साडेतीन फूट. ती एका मुलीसाठी होती. आज ती बारा वर्षांची असेल.

त्या मुलीबद्दल लिहिते. तिचं कागदावरचं नाव देत नाही, गावही नाही. मी तिला चिमणी म्हणायचे, तेच इथे म्हणते.

शिज्याझ्वांगहून रेल्वेने तासाभरावर एका गावात बालकल्याण संस्था होती. आम्ही काही परदेशी बायका दर शनिवारी तिथे जायचो: तीन भारतीय, दोन फिलिपिनो, एक दक्षिण आफ्रिकेची. चिमणीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आठ महिन्यांची होती. जन्मतारीख अंदाजे टाकलेली. टाळू आणि ओठ दुभंगलेले. दूध नाकातून बाहेर यायचं, म्हणून एक मूल पाजायला चाळीस मिनिटं लागायची, आणि एका पाळीत दोन बायका नि वीस-बावीस मुलं. त्या बायकांना मी दोष देत नाही. उशीला बाटली टेकवून पुढच्या पाळण्याकडे जाण्याशिवाय त्या काय करणार होत्या? सतत उताणं पडून चिमणीचं डोकं मागून पाटीसारखं सपाट झालं होतं. पहिल्या दिवशी उचलून घेतली तर अंग लाकडासारखं ताठ, कारण तिला कडेवर बसायची सवयच नव्हती. महिन्याभराने एका शनिवारी तिने माझ्या खांद्यावर मान टाकली. त्या क्षणाचं वजन माझ्या डाव्या खांद्याला अजून आठवतं.

तिथली मुलं सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईला 'आयी' म्हणतात. चिनीत मावशीला आयी. पण मी मराठी बाई आहे, मंत्रिसाहेब. बावीस पाळण्यांतून मला बघून 'आयी, आयी' असा गलका उठायचा तेव्हा माझ्या कानाला ते काय ऐकू येत असेल?

आम्ही पैसे जमवले. शिज्याझ्वांगमधल्या भारतीयांनी दिले, सोलापूरच्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणींनी दिले. चिमणीचा ओठ शिवला, मग टाळू. तुमच्या सरकारचीही अनाथ मुलांच्या शस्त्रक्रियांची योजना २००४ पासून आहे, तिच्यातून त्याच संस्थेतल्या दोन मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं झाली. त्याबद्दल मनापासून आभार. आम्ही तुमच्या विरोधात काही करत नव्हतो, तुमचंच काम थोडं थोडं वाटून घेत होतो.

१ जानेवारी २०१७ पासून परदेशी संस्थांचा नवा कायदा आला. नोंदणी पोलीस खात्याकडे, शिवाय एखादी सरकारी कचेरी जामीन म्हणून पाठीशी हवी. आम्ही संस्था नव्हतोच. सहा बायका आणि एक वही. आमची नोंदणी कशाची करणार? तरी संस्थेच्या बाईंनी डोळेझाक केली म्हणून निम्मे शनिवार तरी मिळाले. बाकीचे गेले. त्या गेलेल्या शनिवारी त्या मुलांना कोणी कडेवर घेतलं असेल? १ जूनच्या बालदिनाला मात्र माणसांची रीघ लागायची. लाल कापडी फलक, खेळण्यांचे ढीग, फोटो. दुपारी दोनला सगळे गायब आणि संध्याकाळी मुलांना ताप.

१९३८ साली आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तुमच्याकडे आले. इथल्या लोकांनी वर्गणी काढून पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यातले ते एक. चार वर्षं तुमच्या जखमी सैनिकांची ऑपरेशनं केली आणि १९४२च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच देह ठेवला. शिज्याझ्वांगला त्यांचा पुतळा आहे, मी दर वर्षी फुलं वाहायला जायचे. मी भारतातली म्हटल्यावर म्हातारी माणसं लगेच त्यांचं चिनी नाव घ्यायची, ख दीह्वा, आणि माझा हात हातात धरायची. तुमचे नेते भारतात यायचे तेव्हा कोटणिसांच्या घरच्यांना आवर्जून भेटायचे. मग त्याच सोलापूरची वाकळ तुमच्या एका मुलीच्या अंगावर का जाऊ शकत नाही? कोटणिसांकडे कोणत्या खात्याचा नोंदणी दाखला मागितला होता?

आता मुख्य गोष्ट. २०१९च्या शरदात चिमणीचं दत्तक ठरलं. अमेरिकेतलं एक जोडपं. कागद तुमच्या देशाचे, शिक्के तुमचे, मंजुरी तुमची. त्यांनी फोटोंचा अल्बम पाठवला आणि मला इंग्रजी येतं म्हणून तो चिमणीला दाखवायचं काम माझ्याकडे आलं. साडेसहा वर्षांची पोर. बाईच्या फोटोवर बोट ठेवून मी सांगायचे, 'मामा'. तुमच्याकडे आईला मामा म्हणतात, ते तोंडात बसायला मला वर्ष गेलं होतं. माणसाच्या फोटोवर बोट ठेवून 'बाबा'. बाबा तुमच्याकडेही बाबाच. मग एक पिवळी खोली, खिडकीपाशी पलंग, पलंगावर कापडी ससा. तिने विचारलं, ससा कोणाचा? मी म्हटलं, तुझा. तिने तीनदा विचारलं आणि तीनदा मी सांगितलं, तुझा. अल्बम ती उशाखाली घेऊन झोपायची.

१८ जानेवारी २०२०ला, शनिवारी, मी तिला शेवटचं भेटले. आठवड्याभरावर तुमचं नवं वर्ष होतं, आम्ही सुट्टीसाठी भारतात निघालो होतो. फेब्रुवारीच्या शेवटी ते जोडपं न्यायला येणार होतं. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. साथ आली, सीमा बंद झाल्या, दत्तक थांबलं. ते समजण्यासारखं होतं. सगळेच थांबले होते. पण तुमचं दार साडेचार वर्षं जवळजवळ मिटलेलंच राहिलं आणि ५ सप्टेंबर २०२४ला परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या बाईंनी सांगितलं की आता परदेशी दत्तक बंद. रक्ताच्या नात्यातलं मूल किंवा सावत्र मूल असेल तरच. ज्यांचं ठरलं होतं, त्यांचंही नाही. अमेरिकेतलीच अशी शेकडो घरं आहेत. दत्तक घ्यायची इच्छा दाखवलेल्या परदेशी कुटुंबांचे प्रवक्त्या बाईंनी आभार मानले. अमेरिकेतल्या त्या बाईने त्या आभारांचं काय करायचं? पिवळ्या खोलीतला ससा पाच वर्षं पलंगावर बसून आहे. तिने मला लिहिलं, खोलीचं दार मी आता लावून घेतलंय. आणि मी? 'तुझा' असं तीनदा सांगणारी मी होते. तुमच्या सरकारने दिलेला शब्द त्या मुलीने माझ्या तोंडून ऐकला. ती खोटं कोणाला म्हणेल?

२०२०नंतर मला नीट झोप लागलेली नाही. यजमान म्हणतात, आपली दोन मुलं आहेत, धडधाकट आहेत, कशाला जिवाला लावून घेतेस. आमच्या घरात हा विषय निघाला की जेवणं थांबतात. संबंधित कचेऱ्यांना मी तीन पत्रं चिनीतून लिहिली, एका विद्यार्थ्याकडून तपासून घेऊन. पोच नाही. म्हणून हे चौथं मराठीत लिहिते आहे. तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवेल, आणि नाही दाखवलं तरी माझी माणसं वाचतील.

मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल परदेशी दत्तकाच्या नावाखाली बाजार झाला. झालाच. एका मुलामागे संस्थेला तीन हजार डॉलर मिळत होते आणि हूनान प्रांतात पोरं विकत आणून संस्थांना पुरवली जात होती, ते २००५ साली उघड झालं. त्याच हूनानमधल्या लोंगह्वेईत दंड भरू न शकणाऱ्या शेतकऱ्यांची मुलं कुटुंबनियोजनवाल्यांनी उचलून नेली, ते २०११ साली तुमच्याच देशातल्या पत्रकारांनी छापलं. मग मुळाशी जाऊ या. एक मूल पुरे असं सक्तीने कोणी सांगितलं? दुसऱ्या मुलाला दंड कोणी लावला? १९८० पासून पस्तीस वर्षं तो नियम चालला आणि टाकलेल्या मुलींनी पाळणे भरले. १९९२ पासून दीड लाखाहून जास्त मुलं परदेशी गेली, त्यातली ब्याऐंशी हजारांच्या आसपास एकट्या अमेरिकेत. आता तीन मुलं होऊ द्या म्हणता, तीन वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३६०० युआन देता. जन्माला यायच्या मुलांसाठी पैसे आहेत. जन्मलेल्या, टाकलेल्या, आजारी मुलांच्या घरासाठी एक सही का नाही?

आणि आता पाळण्यात असतात ती मुलं आजारी असतात म्हणून असतात. २०११ साली शिज्याझ्वांगलाच तुमच्या देशातली पहिली 'टाकलेल्या बाळांची खोली' उघडली. आत पाळणा, काचपेटी, घंटी. बाळ ठेवा आणि जा, कोणी नाव विचारणार नाही. ज्यांना ती सुचली त्यांच्या पाया पडावंसं वाटतं, बाळं उकिरड्यावर मरण्यापेक्षा केव्हाही बरं. ग्वांगझोला २०१४च्या जानेवारीत तशीच उघडली आणि मार्चच्या मध्यात बंद करावी लागली, कारण तेवढ्यात २६२ बाळं आली होती. १४८ मुलगे, ११४ मुली, सगळी आजारी. म्हणजे आता प्रश्न नुसता मुलगी नको असण्याचा राहिलेला नाही. इस्पितळाचं बिल पाहून आईबाप मूल सोडून जातात. चिमणीलाही कोणीतरी रडतच ठेवलं असेल. दुपट्यात नवा कोरा दुधाचा डबा होता, असं संस्थेतल्या बाईंनी मला सांगितलं.

मी तुम्हाला शिकवायला बसलेले नाही. आमच्या सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या पावणेतीनशेहून जास्त मुली होत्या. नको होती म्हणून नकुशी. २०११ साली समारंभ करून त्यांची नावं बदलली. इकडेही दत्तकासाठी आईबाप वर्षानुवर्षं रांगेत उभे आहेत आणि व्यंग असलेली मुलं संस्थेतच मोठी होताहेत. ही लाज आपल्या दोघांचीही आहे. पण आज माझं तुमच्याशी भांडण आहे, कारण चिमणी तुमच्याकडे आहे.

तुम्ही चंद्राच्या मागच्या बाजूची माती पृथ्वीवर आणलीत. एक वाकळ संस्थेच्या फाटकापासून तिच्या पलंगापर्यंत जाऊ शकत नाही?

परदेशी दत्तक पुन्हा सुरू करा असं मी म्हणत नाही. तो तुमच्या देशाचा निर्णय. पण ज्या मुलांना घर दाखवलं, नाव सांगितलं, अल्बम हातात दिला, त्यांची प्रकरणं पुरी करा. तुमच्या नियमानं अठरा वर्षं झाली की दत्तकच घेता येत नाही, आणि चिमणी बारा वर्षांची आहे. तेही होणार नसेल तर तिच्यासाठी आलेली पत्रं, फोटो, वस्तू नाकारू नका. फाइलीत ठेवा, अठराव्या वर्षी तिच्या हातात द्या. तिला कळू द्या की कोणी फसवलं नव्हतं, दारं बंद झाली होती. आणि तुमच्याच देशातलं एखादं घर तिला घ्यायला तयार असेल तर त्या घराला पैशाची, डॉक्टरची मदत करा. मला त्यातही आनंद आहे. कोणाच्याही घरात असू दे, पण घरात असू दे.

वाकळीबद्दल राहिलं. संस्थेत एक वयस्क आयी होत्या. त्यांनी मला सांगितलं होतं की उत्तरेकडे बाळासाठी शंभर घरांतून चिंध्या मागून आणतात आणि त्यांची दुलई शिवतात, म्हणजे शंभर घरांचा आशीर्वाद अंगावर राहतो. मी म्हटलं, अहो, हे तर आमचंच. म्हणून मी शंभर घरं फिरले. सोलापूरला सव्वीस, पुण्यात बाकीची. माझ्या आईच्या इरकलीचा पदर मधोमध आहे. एका आजोबांनी वारलेल्या बायकोचं लुगडं दिलं. खालच्या मजल्यावरच्या मुलाने शाळेचा सदरा दिला, खिशासकट. तो खिसा मी तसाच ठेवलाय आणि त्यात अमेरिकेहून आलेला सशाचा फोटो आहे.

खोकं मी अजून माळ्यावर टाकलेलं नाही. काल वाकळ पलंगावर पसरली, हाताने मोजली. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती माझ्या कमरेला लागत होती. आता किती असेल, अंदाज येत नाही. चारी बाजूंनी एक-एक वीत पट्टी जोडायला घेतली आहे.

बाकी कशाचं उत्तर दिलं नाहीत तरी तिची उंची तेवढी कळवा. पाय उघडे राहायला नकोत.

कळावे.

आपली,
सोलापूरची एक बाई