बियाण्याचे पैसे वजनावर नको, शुद्धतेवर द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संकरित मक्याच्या शेतात मधूनमधून बुटकी, मरतुकडी झाडे निघतात, अशी तक्रार मांडणारा लेख आपल्या अंकात वाचला. तक्रार रास्त आहे. पण लेखकाने सगळा दोष गोदामात आणि विक्रेत्याच्या दुकानात शोधला, ते पटले नाही. मी मक्याचे बीजोत्पादन घेते. ती बुटकी झाडे बहुतेक वेळा बीजोत्पादनाच्या शेतातच तयार होतात.

आमच्या प्लॉटमध्ये मादी वाणाच्या काही ओळी आणि मग नराची एखादी-दुसरी ओळ, असा क्रम असतो. मादीचा तुरा पराग सांडायच्या आत उपटायचा, म्हणजे तिच्या कणसावर नराचाच पराग पडतो. तुरा राहून गेला तर मादी आपल्याच परागाने फळते. ते दाणे संकरित नसतात, पण रंग तोच, आकार तोच, उगवणही चांगली. चाळणीला ते कळत नाहीत. कळतात ते थेट शेतकऱ्याला, पीक वाढीला लागल्यावर.

तुरा काढणे सांगायला सोपे आहे. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, असतानाच घाईने ओढला तर वरची दोन-तीन पाने सोबत येतात आणि कणीस भरत नाही. उशीर केला तर पराग उडालाच. एका हाताने ताट धरायचे, दुसऱ्या हाताने तुरा बुडातून पकडून सरळ वर ओढायचा, आणि मग पोंग्यात डोकावून बघायचे. कारण तुरा अर्धवट तुटला की खालच्या एक-दोन फांद्या पानाच्या आवरणात अडकून राहतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच पराग सांडतात. फुटव्यांचे तुरे तर आणखी फसवे. ते कमरेखाली, पानाआड असतात, आणि नवखा मजूर मान वर करूनच चालतो. शेत काही एका दिवशी तुऱ्यावर येत नाही. पाणी साचलेला कोपरा मागे राहतो, बांधाकडची झाडे वेगळ्याच वेळी येतात. म्हणून त्याच ओळींतून रोज फिरावे लागते, पाऊस असला तरी. पानांच्या कडांनी हात चिरतात ते वेगळेच. तपासणीच्या वेळी कणसांना केस आलेले असताना मादीची शंभरात एकाहून जास्त झाडे पराग सांडताना दिसली, तर प्लॉट नापास होऊ शकतो.

आता हे सगळे करणाऱ्याला पैसे कशाचे मिळतात? किलोचे. इथेच गाडी अडते.

भेसळ झाड, म्हणजे ओळीतल्या वाणाशी न जुळणारे झाड, उपटले की एक कणीस गेले. त्यातही गंमत अशी, की मादीच्या ओळीतले भेसळ झाड पुष्कळदा सगळ्यांत उंच आणि जोमदार असते. कुठून तरी परका पराग लागून ते आपोआपच संकरित झालेले असते. मादी वाण पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागणाने शुद्ध केलेला, म्हणून मुळात अशक्त. त्या किरकोळ झाडांत ते एक राजबिंडे झाड उभे असते, मोठ्ठे कणीस देणारे. ते पराग सांडायच्या आधी उपटायला सांगतात आणि पैसे मात्र वजनावर देतात! नराच्या ओळींचे तेच. परागण आटोपले की त्या कापून टाकाव्यात, म्हणजे काढणीत सरमिसळीची भीतीच नाही. पण त्यांनाही कणसे असतात आणि कणसांना वजन असते.

मादीच्या अशक्तपणाची अडचण जुनीच आहे. अमेरिकेत जॉर्ज शल यांनी 1908 च्या सुमारास शुद्ध वाणांच्या संकराची वाट दाखवली, पण अशक्त मादीवर बियाणे इतके थोडे येई की ते परवडेना. पुढे डोनाल्ड जोन्स यांनी दोन संकरांचा पुन्हा संकर करून मादीच जोमदार केली, तेव्हा कुठे हायब्रीड मका शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. नंतर सुधारित शुद्ध वाण आले आणि दोन शुद्ध वाणांचा थेट, म्हणजे एकेरी संकर परत रुळला. मादी तेव्हापेक्षा सुधारली, तरी वजनात ती साध्या मक्याची बरोबरी करणार नाही.

नरवंध्य मादी, म्हणजे जिच्या तुऱ्यात कामाचा पराग तयारच होत नाही अशी, वापरली की तुरे काढायची कटकटच संपते, असा सल्ला लेखात आहे. सल्ला वाईट नाही, पण इतिहासही सांगायला हवा होता. अमेरिकेत एकाच ‘टेक्सास’ नावाच्या नरवंध्य स्रोतावर बहुतांश बियाणे होऊ लागले होते. 1970 मध्ये नेमका त्याच झाडांना ग्रासणारा पानावरचा करपा पसरला आणि देशाचे साधारण 15 टक्के पीक गेले. त्यानंतर पुन्हा तुरे काढणारी माणसे शेतात उतरली. नरवंध्यता वापरावी, पण एकाच स्रोतावर सगळा भार टाकू नये.

माझी मागणी साधी आहे. बीजोत्पादकाच्या मोबदल्याचा मोठा भाग क्षेत्रावर ठरवा आणि उरलेला शुद्धतेच्या शेतचाचणीच्या निकालावर. तुरे काढण्याची मजुरी बियाणे घेणाऱ्याने वेगळी द्यावी, किंवा टोळी त्यानेच लावावी. भेसळ झाडे किती उपटली याची नोंद ठेवून त्या कणसांचीही भरपाई द्यावी. हा बोजा बियाण्याच्या किमतीत थोडा दिसेल, हे मान्य. पण अशुद्ध पिशवी पेरणारा शेतकरी तो आजही भरतोच, फक्त पावतीशिवाय.

आपली,
एक मका बीजोत्पादक

ता. क. – लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘बीजोत्पादनाचे शेत’ असे छापले आहे. चित्रात प्रत्येक ओळीवर तुरे डुलताहेत. ते दाण्यासाठी लावलेल्या मक्याचे शेत दिसते; बीजोत्पादनाचे असेल, तर त्या प्लॉटचे बियाणे कुणी घेऊ नये.