चिऊच्या गोळीबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

चिऊला डिस्टोनिया आहे, म्हणजे स्नायू आपोआप आखडून हातपाय वळण्याचा आजार. तिच्या जनुकांच्या रिपोर्टमधली मुख्य गोष्ट आधी सांगते: हालचालींचे निरोप पोचवणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या तिच्या मेंदूतल्या पेशी शाबूत आहेत. पार्किन्सनमध्ये त्या मरत जातात, तसं इथे नाही. जेवणातल्या टायरोसिन या प्रथिनाच्या घटकापासून आधी लेवोडोपा बनतो आणि त्यापासून डोपामिन. पहिल्या पायरीला बायोप्टेरिन नावाचं मदतनीस रसायन लागतं, आणि ते बनवण्यासाठी लागणाऱ्या जीसीएच१ या जनुकातच दोष आहे. दुसरी पायरी व्यवस्थित चालते, म्हणून गोळीतून आयता लेवोडोपा दिला की काम भागतं. थेट डोपामिन देऊन उपयोग नाही, ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. गोळीतला कार्बिडोपा लेवोडोपाला वाटेतच खर्च होऊ देत नाही, त्यामुळे मळमळही कमी होते.

सकाळी धावणारी पोर संध्याकाळी पाय आत वळवून चवड्यांवर चालते, तो हट्ट नाही. दिवसभरात डोपामिन कमी पडत जातं आणि झोपेनंतर बरं वाटतं. याच आजाराची ही खूण आहे. जपानच्या डॉ. सेगावांनी १९७६ साली हेच नोंदवलं होतं. शाळेतल्या बाईंनाही सांगा. रंकाळ्यावर न्यायचं तर सकाळी न्या.

आता गोळी. बाबा, तुम्ही गंगावेशीतून दूध आणता आणि ती उठल्या उठल्या पेला तोंडाला लावते. तिथेच घोळ होतो. दुधातल्या प्रथिनांचे पचलेले तुकडे आणि लेवोडोपा एकाच वाटेने आत शिरतात, आधी आतड्यातून आणि मग पुन्हा मेंदूत जाताना. गर्दीत औषध मागे राहतं. सात वाजता पाण्याबरोबर गोळी, साडेसातनंतर दूध. दूध, अंडी, पांढरा रस्सा काहीही बंद करू नका, वाढतं वय आहे. फक्त वेळ सांभाळा. मळमळलं तर गोळीबरोबर अर्धं केळं चालेल. लोहाची गोळी दोन तासांच्या अंतराने द्या, नाहीतर लोह लेवोडोपाला धरून ठेवतं. बरी दिसते म्हणून गोळी परस्पर थांबवायची नाही. डोस वाढवल्यावर हातपाय आपोआप वळवळायला लागले तर डॉक्टरांना फोन करा, बहुतेक वेळा डोस थोडा कमी केला की ते थांबतं.

औषधांच्या डब्यातल्या मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन या उलटीच्या नि चक्करच्या गोळ्या वेगळ्या काढून ठेवा. ही औषधं मेंदूत डोपामिनची जागा अडवतात. चिऊला चुकूनही देऊ नका. उलटी झालीच तर आधी डॉक्टरांना विचारा.

मोबाइलवर आलेल्या व्हिडिओतल्या मुलाचा डिस्टोनिया वेगळा असू शकतो. टॉरसिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषात डोपामिन बनतं, पण पुढे त्याचा निरोप नीट पोचत नाही. तिथे लेवोडोपाने सहसा फरक पडत नाही.

आई, 'हे आपल्याकडून गेलं का' म्हणून तू जीव जाळते आहेस. असा जनुक प्रत्येक मुलात जायची शक्यता निम्मी असते, आणि गेला तरी त्रास दिसेलच असं नाही. मुलींमध्ये जास्त दिसतो. दादाच्या अंगात तो आहे आणि त्याला काहीच त्रास नाही. यात कुणाचा दोष नाही. पण तुझाही डावा पाय संध्याकाळी आत वळतो, आणि आपण सगळे सांधेदुखी म्हणून सोडून देतो. याच जनुकाचं ते काम असेल तर तुलाही त्याच गोळीने आराम पडू शकेल. चिऊला दाखवायला जाल तेव्हा तुझाही नंबर लाव.

तुमची लेक