नानांच्या ‘चला’चे आभार

आदरणीय मॅडम,

‘आभार बिभार नकोत, पुढच्या महिन्यात नानांना घेऊन या,’ असं तुम्ही म्हणालात. येतोच आहोत. पण स्पीच थेरपीला तुमच्यासमोर बसलं की माझंच बोलणं अडतं, म्हणून लिहायला घेतलं. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आम्ही जे चुकलो ते अजून पुष्कळ घरांत चुकत असणार.

नाना, म्हणजे माझे सासरे, एसटीत कंडक्टर होते, बराचसा काळ सातारा–महाबळेश्वर गाडीवर. रिटायर झाल्यावरही पहाटे उठून दाढी करायचे, जशी काही ड्युटी आहे. त्या दिवशी सकाळी सहाला त्यांच्या हातातून चहाचा कप पडला. तोंड एका बाजूला गेलेलं, उजवा पाय टेकेना. आत्याबाई म्हणाल्या, अंग अवघडलं असेल, पडू दे जरा. मग कुणीतरी कबुतराचं रक्त चोळणाऱ्याचं नाव सांगितलं आणि खोटं कशाला बोलू, आम्ही आधी तिकडेच गेलो. दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात, हे आम्हाला तिथे कळलं. ते तास आम्ही अंगणात आणि रस्त्यात घालवले होते. ही गोष्ट तुम्हाला सांगताना मी मान खाली घातली होती. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘आता पुढचं बघू.’

वॉर्डात राउंडला आलेले एक डॉक्टर नानांच्या उशाशी उभं राहून म्हणाले होते, ‘यांना आता काही कळत नाही.’ आम्ही ते वेदवाक्य धरलं. पुढचे दोन महिने नानांच्या डोक्यावरून बोलत राहिलो. रान विकायचं का, औषधाला पैसे कुठून आणायचे, आत्याबाईंच्यानं हे उचलाउचलीचं काम किती दिवस होणार, सगळं त्यांच्यासमोर. त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, ‘चला’. पाणी हवं तरी चला, लघवीला जायचं तरी चला, राग आला तरी चला चला चला. आम्हाला वाटायचं, बिचारे भ्रमात आहेत, अजून गाडीवरच आहेत.

तुम्ही पहिल्या दिवशी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसलात आणि मला गप्प राहायला सांगितलंत. टेबलावर कंगवा, चमचा, किल्ली, पेन ठेवलं. ‘किल्ली कुठाय?’ डावं बोट किल्लीवर. ‘केस कशानं विंचरतात?’ बोट कंगव्यावर. मी तिथेच रडायला लागले, कारण मला रानाचा विषय आठवला. त्यांनी शब्दन्‌शब्द ऐकला होता.

मग तुम्ही विचारलंत, ‘वाघानं माणसाला मारलं. कोण मेलं?’ आणि चित्रं पुढे केलीत. बरोबर. ‘वाघाला माणसानं मारलं. कोण मेलं?’ तिथे मात्र गाडी अडली. तुम्ही नंतर समजावलंत की वाचाघाताच्या, म्हणजे मेंदूच्या इजेनं भाषा बिघडण्याच्या, या प्रकारात शब्दांचे अर्थ बऱ्यापैकी शाबूत असतात, वाक्य बांधणारे खिळे निघून जातात. बोलतानाही आणि काही वेळा ऐकतानाही. मराठीत कोण मेलं ते ‘नं’ आणि ‘ला’ एवढ्याशा अक्षरांवर ठरतं, हे मी मराठी शाळेत शिकूनही कधी लक्षात घेतलं नव्हतं. पुढे नानांचे शब्द परतायला लागले तेव्हा तेच दिसलं. ‘नातू शाळेतून आला’ याचं ‘नातू... शाळा...’ व्हायचं. ‘तून’ गेलेलं, ‘आला’ही गेलेलं.

‘चला’वर आम्ही वैतागलो होतो तेव्हा तुम्ही पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातल्या लबोर्न्य नावाच्या रुग्णाची गोष्ट सांगितलीत. एकवीस वर्षं तो तिथे होता आणि काहीही विचारलं तरी ‘तां तां’ एवढंच म्हणायचा, म्हणून लोक त्याला ‘तां’ म्हणूनच ओळखायचे. १८६१ मध्ये तो गेल्यावर पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात, बिघाड सापडला. त्या जागेला आजही ब्रोकांचंच नाव आहे. नानांचाही डावाच मेंदू, म्हणून उजवं अंग आणि बोलणं दोन्ही एकदम गेलं. गोष्ट ऐकून घरी आल्यावर नानांचा ‘चला’ मला वेगळा ऐकू यायला लागला. सूर धरून ऐकलं की पाण्याचा ‘चला’ आणि रागाचा ‘चला’ अजिबात सारखे नव्हते. दोन महिने आम्ही नुसती अक्षरं ऐकत होतो.

आणि मग तो दिवस. तुम्ही सहज विचारलंत, गाडी कुठली होती? मी सांगितलं. तुम्ही कंडक्टरच्या ठेक्यात सुरुवात केलीत, ‘सातारा...’ आणि नाना धडाधड सुटले. लिंब फाटा, आनेवाडी, पाचवड, वाई, पाचगणी, वेण्णा लेक, महाबळेश्वर! आत्याबाई हात जोडून उभ्या राहिल्या. मला वाटलं, झालं, बरे झाले. तुम्ही आमचा आनंद न मोडता खरं ते सांगितलंत. आकडे, वार, पाठ अभंग, शिव्या, असं वर्षानुवर्षं घोटलेलं बोलणं वेगळ्या वाटेनं बाहेर येतं. स्वतः वाक्य जुळवणं हे वेगळं काम. पण तीच घोटलेली वाट धरून तुम्ही त्यांना आत नेलंत. ‘पाचवड’वर थांबवायचं आणि विचारायचं, ‘इथे कोण उतरतं?’ तीन आठवड्यांनी उत्तर आलं, ‘बहीण.’ त्यांच्या बहिणीचं सासर पाचवडचंच.

हाताचंही असंच कोडं होतं. ‘हात वर करा’ म्हटलं की डावा, चांगला हातसुद्धा गोंधळायचा. कपाळावर डास बसला की तोच हात सपकन जायचा. मुलं म्हणायची, आजोबा नाटक करतात. तुम्ही सांगितलंत की ताकद असूनही सांगितलेली कृती हाताला जुळवता न येणं हासुद्धा मेंदूच्या इजेचाच भाग असतो. तेव्हापासून हुकूम बंद झाले आणि काम सुरू झालं. नुसती मूठ उघडा-मिटा करायला ते कंटाळायचे, म्हणून तुमच्या फिजिओ सरांनी विचारलं, जुना तिकीट पंच आहे का घरी? ट्रंकेत होता. उजव्या हातात तो धरून पुठ्ठ्याला पहिलं भोक पडायला साडेचार महिने लागले. आता आमच्या घरात एकही लग्नपत्रिका बिनभोकाची नाही.

हिशेब अजून नीट बसलेला नाही. ज्या माणसानं घाटात उभ्यानं सुटे पैसे मोजले, तो वीसची नोट हातात घेऊन बघत बसतो, हे मला अजूनही बघवत नाही. तुम्ही खोट्या नोटा करून दुकान मांडायला सांगितलंत, नातू दुकानदार. पहिलीतलं पोरगं आणि आजोबा एकाच वेळी बेरीज शिकतात. पोरगं पुढे गेलंय, पण थांबतं आजोबांसाठी.

थांबायला तुम्हीच शिकवलंत. ‘त्यांचा शब्द तुम्ही पुरवू नका, मनात दहा आकडे मोजा,’ असं सांगितलंत. मॅडम, दहा आकडे किती लांब असतात! आम्ही बोलकी माणसं, सातवर तोंड उघडतोच. आत्याबाईंना तर पाचच जमतात.

अपंगत्वाच्या दाखल्याच्या वेळी खिडकीवरच्या माणसानं फक्त हातपाय बघितले. २०१६ च्या कायद्यात वाचाघातामुळे आलेलं कायमचं भाषेचं अपंगत्वही धरलेलं आहे, हे तुम्ही लिहून दिलेल्या चिठ्ठीवरून आम्ही त्यांना दाखवलं. त्या चिठ्ठीची घडी अजून पाकिटात आहे.

हे पत्र काल रात्री नानांना वाचून दाखवलं. रानाच्या जागी ते खिडकीबाहेर बघत राहिले. लग्नपत्रिकेला हसले. शेवटी त्यांनी डावा हात वर केला, कुणी न सांगता. मी मोजायला लागले. दहा झाले, अकरा, बारा.

‘वाढे,’ ते म्हणाले. ‘वाढे... फाटा. राहिला.’

खरंच राहिला, मॅडम. साताऱ्यानंतर आधी वाढे फाटा, मग लिंब. वर तेवढी दुरुस्ती करून वाचा.

आपली,
नानांची सून