केतुराला गेलेल्या लेकीस

चि. बायो हिस,
अनेक आशीर्वाद. शालोम.

तू तिकडे इस्रायलला, केतुराच्या किब्बुत्झमध्ये, शेतात चक्कर येऊन पडलीस, हे मला धाकट्याकडून कळलं. तुझ्याकडून नाही. सकाळी अकराच्या उन्हात खजुरांच्या रांगेत पडलीस आणि तुझ्या खोलीतल्या जॉर्डनच्या मुलीनं मीठ-साखरेचं पाणी पाजलं, असं तो म्हणाला. तिला आमचा आशीर्वाद सांग. आईला मी अजून बोललो नाही. या विषयावर मी एकदाच लिहिणार आहे: पाणी पीत जा, तहान लागायची वाट बघू नकोस. झालं.

तुझा निबंध सावकाश वाचला. आपल्या यहुदी धर्मग्रंथातल्या, तोरातल्या, ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायावरचा भाग मी आईलाही वाचून दाखवला. मिसरात भाजीच्या मळ्यासारखं पायानं पाणी द्यावं लागे, पण हा डोंगरदऱ्यांचा देश आकाशातल्या पावसाचं पाणी पितो, हे वचन. नाईलच्या काठी पाण्याची हमी होती, इथं माणसाला वर बघावं लागतं, म्हणून तोरामध्ये पाऊस आणि माणसाची वागणूक एकाच वाक्यात येतात, असं तू लिहिलंस. आणि त्याखाली आपली नवगावच्या वाटेवरची वाडी! मी पायानं चिखल सारून एका माडाच्या आळ्यातून दुसऱ्याच्या आळ्यात पाट कसा वळवतो, ते तू वर्गात उभं राहून सांगितलंस म्हणे. शेमाची प्रार्थना मी रोज म्हणतो, पाट मी रोज वळवतो, पण दोन्ही कधी एका जागी आणलं नव्हतं. ते तू केलंस. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही, आनंदानं.

तू दुसरीत असशील. सुक्कोथचा सण संपला होता, आपण सगळे मशिदीत, म्हणजे आपल्या सिनेगॉगमध्ये होतो आणि प्रार्थना चालवणाऱ्या हाजाननं पावसाची तेफिला, म्हणजे प्रार्थना, सुरू केली. बाहेर आपलं भात कापून आडवं पडलेलं. तू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंस, ‘नाना, आता पाऊस कशाला? भात भिजेल ना!’ बायकांच्या सज्जातून हसण्याचा आवाज आला. नाना हसले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी तुला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, हा पाऊस आपण आपल्यासाठी मागत नाही, त्या देशासाठी मागतो, तिकडे आत्ता पेरणीचे दिवस आहेत. आपल्याला जूनपासून देवानं न मागता दिलाय. वसंतातल्या पेसाहच्या सणाला पावसाचे शब्द थांबवून दवाचे सुरू होतात, तेही तिकडच्याच हवेनुसार. आपल्या बेने इस्राएल पूर्वजांचं जहाज नवगावला फुटलं तेव्हापासून आपण दोन पावसाळे सांभाळतोय, एक अंगणातला, एक तेफिलेतला. नानांना वाटायचं, न पाहिलेल्या जमिनीची अशी काळजी घेणं हाच धर्म. तू मिश्ना या जुन्या धर्मग्रंथामधली जी गोष्ट लिहिलीस ती त्यांना फार आवडली असती: सण झाल्यावर पंधरा दिवस पाऊस मागायचा नाही, शेवटचा यात्रेकरू फरात नदीपर्यंत कोरडा पोचू दे.

यंदा मी ती तेफिला म्हणेन तेव्हा ती थेट तुझ्या अंगणासाठी असेल. पण तुझ्या अरावाच्या वाळवंटात वर्षाला जेमतेम ३० मिलिमीटर पडतो. आपल्याकडे २००० च्या वर. एवढ्या ओलाव्यात वाढलेल्या अंगाला तो कोरडेपणा कळतच नाही, घाम येतो आणि आल्याआल्या सुकतो. म्हणून म्हणतो, टोपी घाल, आणि आईनं दिलेलं आगळ संपवलंस का?

मेथुशेलाहचा, त्या खजुराच्या झाडाचा, फोटो मी मोठा करून घेतला. मसादा या जुन्या किल्ल्याच्या उत्खननात १९६०च्या दशकात सापडलेली बी, सुमारे २००० वर्षं जुनी, ती २००५ मध्ये तुमच्या केतुरात रुजते. पुढे तशाच जुन्या बीपासून हन्ना नावाचं मादी झाड वाढतं, आणि मेथुशेलाहच्या परागानं २०२० मध्ये त्याला खजूर धरतात. माडांत जन्म गेलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. आपल्याकडे असं बी एका पावसाळ्यात कुजून गेलं असतं. तिथल्या कोरड्या हवेनंच ते राखलं. त्याच हवेनं माझ्या मुलीला आडवं केलं, हेही मनात येतंच.

आता फोनवरच्या भांडणाबद्दल. तू म्हणालीस, अलिबागचे लोक नुसते मलिदे करतात, त्यामागचा विचार कुणाला माहीत नाही. मला ते लागलं. ज्या १५ शेवातला, म्हणजे झाडांच्या नववर्षाला, तुम्ही तिथं ‘तू बिश्वात’ सणाची रोपं लावलीत, त्याच दिवशी आपण अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या, एलिया प्रेषिताच्या, उरुसाला जातो. मलिद्यासाठी आजी पोहे भिजवायची, नारळ खवायची, गूळ घालायची, वर फळं मांडायची. झाडावरच्या फळाची ब्राखा, म्हणजे खाण्याआधीचं स्तुतिवचन, वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी, सब्जाच्या वासाची वेगळी. केळ्याला कुठली, यावर चुलतेमंडळी वाद घालत, तो ऐकत तू मोठी झालीस. कुठलं फळ कुठून येतं हे आठवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, हा विचार नव्हे तर काय? आणि काकांनी ओसरी वाढवायला रायवळ आंबा तोडायचं ठरवलं तेव्हा आजी त्याच्या बुंध्याशी जाऊन बसली. ओसरी आजही आखूड आहे. तरुण माणसानं आधी बघावं, मग बोलावं, वडीलधाऱ्यांच्या कृतीचा अर्थ लावायला आयुष्य जातं, आणि…

बघ, प्रवचन झालं. रागावू नकोस. तुझं एक म्हणणं मला पटतं. आजी होती म्हणून आंबा वाचला. आता आजी नाही, आणि दोन्ही बाजूच्या वाड्या बंगल्यांसाठी विकल्या गेल्या. वेढा घातलेल्या नगराचीसुद्धा फळझाडं तोडू नका, हे वचन तू काकांना पानावर बोट ठेवून दाखवू शकतेस. मी दाखवू शकलो नव्हतो. त्यासाठी तू शिक. २०२८ चं शेमिटा वर्ष, जमिनीला विसावा द्यायचं, तिथंच बघायचंय म्हणतेस, तर तेही बघ. फक्त उन्हाची कामं पहाटे उरकत जा, आणि पुन्हा काही झालं तर मला कळव, धाकट्याला नव्हे.

सणांबद्दल विचारलं होतंस. आपल्या जुन्या माणसांचे सण असे: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणी, होळीचा सण, अनाशी ढाकाचा सण, बिरड्याचा रोजा. खीर, वालाचं बिरडं, आंबवण झाकून ठेवायचं मडकं, सगळं त्या त्या ऋतूतल्या स्वयंपाकघरातलं. पुस्तकं हाताशी नसलेली माणसं पंचांग असं लक्षात ठेवत. हे निबंधात जरूर घाल. बिरड्याचं नीट आत्याच सांगेल. तिला रविवारी सकाळी फोन कर, दुपारी ती झोपते. निबंध छापून आला की एक प्रत टपालानं पाठव, मला फोनवर वाचवत नाही.

तुझे,
बाबा