संशोधक कुठे गेला?

महोदय,

आपल्या करिअर पुरवणीत आंतरराष्ट्रीय संबंध या विषयावरचा लेख वाचला. राजदूत झाले, संयुक्त राष्ट्रे झाली, टीव्हीवरचे विश्लेषकही झाले. हा विषय शिकवणारा, त्यात संशोधन करणारा माणूस मात्र एका ओळीतही नाही. उभी हयात त्यातच गेली, म्हणून हे पत्र.

या विषयाचे जगातले पहिले अध्यासन १९१९ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथला सुरू झाले, तेही महायुद्धात मारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ. पुढे १९५९ मध्ये योहान गाल्टुंग यांनी ऑस्लोत शांतता-संशोधन संस्था काढली. बंदुका थांबल्या म्हणजे शांतता आली असे नव्हे. उपासमार आणि भेदभाव चालू देणारी व्यवस्थाही हिंसाच करते, ही त्यांची मांडणी. ‘शांतता’ म्हटले की प्रवचन आठवणाऱ्यांनी त्यांचा १९६९चा निबंध जरूर वाचावा.

प्रत्यक्ष काम फार किचकट असते. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात जगभरच्या संघर्षांची नोंद ठेवतात. एका बाजूला सरकार असलेल्या संघर्षात वर्षभरात लढाईत किमान २५ माणसे मेली, तरच तो त्या वर्षीच्या यादीत येतो. चोवीस मेली तर? वर्गात हा प्रश्न हमखास निघतो आणि तास तिथेच संपतो. शिवाय एकाच चकमकीचा आकडा सरकार एक सांगते, बंडखोर दुसरा. मग किमान, कमाल आणि त्यातल्या त्यात भरवशाचा, असे तिन्ही नोंदवायचे. जग बदलायला आलेली मुले इथे कंटाळतात. टिकतात ती पुढे चांगली संशोधक होतात.

बाकी पीएच.डी.ची वर्षे, त्यानंतरची कंत्राटी पदे, संघर्षग्रस्त भागाची भाषा शिकणे हे ओघाने आलेच. मुलाखत देणाऱ्याचे नाव फुटले तर त्याच्या जिवावर बेतू शकते; म्हणून वहीतसुद्धा खरे नाव लिहायचे नाही, हे आम्ही आधी शिकवतो. सिद्धांत नंतर. आणि शोधनिबंध छापून येईस्तोवर वाहिन्यांचे ते युद्ध जुने झालेले असते. (त्यांचा फोन येतो तो ‘युद्ध कधी थांबेल?’ एवढेच विचारायला. जणू आम्ही पंचांग घेऊनच बसलो आहोत!)

पुढच्या पुरवणीत एखाद्या कंत्राटी संशोधकालाच लिहायला सांगा. पगाराचा आकडाही त्यालाच विचारा.

– एक निवृत्त प्राध्यापिका