उपग्रहाची घोषणा राहू द्या, आधी गच्चीची किल्ली द्या

माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी लातूरला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. मराठवाड्याच्या पोरांनी उपग्रह सोडावा असं माझंही स्वप्न आहे. फक्त उपग्रहाची घोषणा करून नारळ फोडायची घाई नको.

२०१६च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. त्याच वर्षी २२ जूनला पुण्याच्या सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या मुलांचा 'स्वयम्' उपग्रह पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून कक्षेत गेला. १० सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोभरसुद्धा नाही. टँकरच्या रांगेत घागर लावून उभ्या असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, आपल्याला जमंल का?" मी हो म्हणालो. त्या ठोकळ्यामागे आठेक वर्षं आणि मुलांच्या कितीतरी तुकड्या होत्या, हे सांगायचं टाळलं. आमचा डिप्लोमा तीन वर्षांचा.

नवख्यांचे बरेच उपग्रह वर पोचतात आणि रेडिओवरून एकदाही बोलत नाहीत. म्हणून आम्ही आधी ऐकायला शिकतोय. गेल्या वर्षी चौघांनी पीव्हीसी पाइपवर गवंड्याच्या मेजर टेपचे तुकडे बसवून अँटेना केला. अंतराळ स्थानकाचा रेडिओ १४५.८ मेगाहर्ट्झवर लागतो, पण ते डोक्यावर असतं जेमतेम १० मिनिटं. एकाने अँटेना फिरवत राहायचं, दुसऱ्याने फ्रिक्वेन्सी. जवळ येताना ती चढी लागते, लांब जाताना उतरते. पहिल्या दिवशी गच्चीची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रजेवर. स्थानक गेलं निघून! पुढच्या खेपेला स्थानकाने रेडिओवरून पाठवलेल्या चित्राची एकेक रेघ खरखरीतून उमटली, तेव्हा पोरं जेवायला खाली उतरेनात.

तेव्हा मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या कॉलेजांना मिळून उपग्रहांचे संदेश ऐकायला एक कायमचं भूकेंद्र द्या. साध्या रिसीव्हरसाठी तीन कोटेशनं मागवतात. ती येईतो पोरं शेवटच्या सेमिस्टरला पोचतात. ही अट छोट्या खरेदीपुरती तरी काढा. मग एखादा सेन्सर बनवून 'पोएम'वर पाठवू: पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावरही कक्षेत फिरत असतो, त्याच्यावर आपला डबा बसवता येतो आणि वीज त्याचीच मिळते. त्यासाठी परवानगी देणाऱ्या इन-स्पेस या केंद्राच्या संस्थेकडे अर्ज आम्ही करू. कंपन आणि निर्वात चाचणीची सोय मात्र एकट्या कॉलेजच्या आवाक्यातली नाही, तिथे शासन लागेल. स्वतःचा ठोकळा त्यानंतर.

तो विद्यार्थी आता चाकणला नोकरीला आहे. दिवाळीला आला की विचारतो, "सर, कुठवर आलं?"

किल्ली आता माझ्याकडे असते. दौऱ्यावर आलात तर गच्चीवर जरूर या. वेळ आधी कळवीन. तेवढी पाळा, स्थानक कुणासाठी थांबत नाही.

आपला,
लातूरचा एक मास्तर